मदत हवी आहे: एम८२ सहज दिसते, मग जिराफ तारकासमूहातली एनजीसी २४०३ ही दीर्घिका का दिसत नाही?

पूर्वाफाल्गुनी:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. नाभीय अंतर १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस. मेसिएची यादी (तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिकांची, ‘एम’ क्रमांकांची) बरीचशी उरकली, म्हणून या हिवाळ्यात कॅमेलोपार्डालिस, म्हणजे जिराफ हाती घेतला. ध्रुव, शर्मिष्ठा, सारथी आणि सप्तर्षी यांच्या मधली ती ओसाड जागा. यातला सर्वांत तेजस्वी तारा बीटा, तोही जेमतेम ४ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक). त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तिथे काही आकृती बसवायचा नाद मी सोडून दिला आहे.

केंबल्स कॅस्केड मात्र झकास दिसला. शर्मिष्ठेतल्या कॅफ या ताऱ्यापासून सेगिन या ताऱ्यापर्यंत रेघ ओढायची आणि तेवढीच पुढे न्यायची, की १०x५० च्या द्विनेत्री दुर्बिणीत ताऱ्यांची सरळ ओळ येते. लांबी अडीच अंश, म्हणजे पाच पौर्णिमेचे चंद्र शेजारीशेजारी मावतील एवढी. तिच्या टोकाचा एनजीसी १५०२ हा तारकागुच्छ आणि त्यातली स्ट्रूव्ह ४८५ ही ताऱ्यांची जोडीही मिळाली. तिथून साधारण दीड अंश दक्षिणेला एनजीसी १५०१ हा ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरत्या ताऱ्याभोवतीचं वायूचं कवच आहे. १२० पटीत राखाडी टिकलीसारखा दिसतो. आतला तारा काही दिसला नाही, पण तो १४ प्रतीच्याही पुढचा आहे, तेव्हा तक्रार नाही.

अडलंय ते दीर्घिकांवर. एनजीसी २४०३ ची प्रत साडेआठच्या आसपास देतात. त्याच रात्री, त्याच जागेवरून एम८१ आणि एम८२ सरळ दिसल्या, आणि एम८२ ची प्रतसुद्धा जवळपास तेवढीच. शिवाय त्या दोघी २४०३ पेक्षा आणखी उत्तरेला, म्हणजे आपल्याकडून आणखी खाली. मग हीच का दिसू नये? आयसी ३४२ या जिराफातल्याच दुसऱ्या दीर्घिकेचा तर मागमूसही नाही. जागा स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपवर ताऱ्याला तारा लावून तपासली आहे.

निरीक्षण भोरच्या पुढून करतो. दक्षिणेचं आकाश तिथे सुरेख असतं, अगस्त्याच्या खालचेही बारीक तारे दिसतात. लाइट पोल्युशन फिल्टर घ्यावा का? की १० इंचीचा विचार करू? घरच्यांना दुसरा पर्याय अजून सांगितलेला नाही.

रात्रपाळी:

फिल्टर नको. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, सगळ्या तरंगलांबींत पसरलेला. फिल्टर आकाशाबरोबर तिलाही कापतो, त्यात हल्लीचे पांढरे एलईडी दिवेही तसेच पसरट. १५०१ साठी ओ-थ्री (फक्त ऑक्सिजनचा प्रकाश सोडणारा फिल्टर) उपयोगी पडेल, २४०३ साठी नाही.

आता प्रतीचं. प्रत म्हणजे सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती, एवढाच हिशोब. एम८२ साधारण ११ x ४ कलांची (६० कला म्हणजे एक अंश) आहे, २४०३ साधारण २२ x १२ कलांची. तेवढाच प्रकाश पाच पटींहून मोठ्या क्षेत्रावर पसरलाय. एम८१ ला निदान ठळक गाभा तरी आहे. म्हणून प्रतीवरून दीर्घिका निवडू नका, आकारही बघा. गंमत म्हणजे २४०३ ही एम८१ च्याच गटातली मानतात, अंतर साधारण एक कोटी प्रकाशवर्षं.

३४२ ची गोष्ट आणखी वाईट. ती आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, आपल्याच धुळीच्या आड आहे. ती धूळ मध्ये नसती तर आकाशातल्या ठळक दीर्घिकांमध्ये तिची गणना झाली असती. ८ इंचीत दिसते, पण आकाश काळं हवं.

सह्यवेडा:

भोर वाचलं आणि कारण कळलं. तुमच्या उत्तरेला अख्खं पुणे आहे की! २४०३ तिथून जास्तीत जास्त ४२ अंशांवर येते, आणि तेव्हा ती बरोबर उत्तरेला असते. म्हणजे डोक्यावरच्यापेक्षा दीडपट जाड हवा, आणि त्या हवेत शहराचा उजेड. एम८२ त्यातून निभावते, पसरट दीर्घिका नाही निभावत. दक्षिणेसाठी भोर उत्तम, जिराफासाठी शहराच्या उत्तरेला जा. नाणेघाटाच्या पठारावर पुणे पाठीशी येतं आणि उत्तरेला हरिश्चंद्रगडाकडचा अंधार मिळतो. कल्याणकडचा उजेड पश्चिमेला असतो, पण तो या भागाला फारसा नडत नाही.

जुन्नर भागात उसाच्या कडेला दुर्बीण मांडू नका. बिबट्यांबद्दल वेगळं सांगायला नको. दोघंतिघं मिळून जा.

पूर्वाफाल्गुनी:

पुण्याचा उजेड आडवा येतोय हे पटलं. मग १० इंची सध्या लांबणीवर, डिझेल परवडेल. जानेवारीच्या मध्यावर अमावास्या आहे. दोन्ही एकाच रात्री जमतील का? आणि २४०३ ला पोहोचायची सोपी वाट?

रात्रपाळी:

जमतील. आधी ३४२, ती रात्री पावणेनऊच्या सुमारास सर्वांत उंच असते. गॅमा कॅमेलोपार्डालिसपासून साधारण तीन अंश दक्षिणेला. २५ मिमीचाच आयपीस ठेवा. आधी पुढ्यातले बारीक तारे दिसतील, मग नजर किंचित बाजूला ठेवून नळी हलकेच टिचकवा. स्थिर धूसरपणा डोळा विसरतो, हललेला पकडतो.

२४०३ साठी साडेबारापर्यंत थांबा. सप्तर्षींच्या मोठ्या अस्वलाच्या तोंडाशी असलेला ओमायक्रॉन हा तारा घ्या, तिथून सुमारे सात अंश वायव्येला ५१ कॅमेलोपार्डालिस हा ६ प्रतीचा तारा फाइंडरमध्ये (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत) येईल. त्याच्या पश्चिमेला एकच अंशावर दीर्घिका. हर्शेलने ती १७८८ मध्ये टिपली होती. आधी १०x५० मधून बघा, काळ्या आकाशात ती द्विनेत्रीही पुरते. ८ इंचीतही दिसली नाही तर त्या रात्री आकाश धुरकट आहे असं समजून १५०२ कडे वळा.

सह्यवेडा:

आणि फाइंडरला दवाची नळी लावा. पठारावर अकरानंतर काच ओली होते. साधा काळा चार्ट पेपर गुंडाळला तरी चालतो.