मदत हवी आहे: फोमच्या विमानाची चीर आणि रंग

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पुतण्याचं ईपीओ फोमचं (थर्मोकोलसारखाच, पण जास्त चिवट आणि लवचिक फोम) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान वाऱ्याने भरकटून बाभळीवर आदळलं. नाक चेपलं होतं, ते गरम पाण्याची वाफ दिल्यावर बरंच फुगून आलं; फक्त तिथे दाणे वर आल्यासारखं खडबडीत झालंय. खरी काळजी डाव्या पंखाची. मुळाशी आरपार चीर आहे. पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावून खालून कार्बनची काडी बसवायचा विचार आहे. पण इपॉक्सी कडक आणि फोम लवचिक, मग जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटेल का? फोम-सेफ सीए, म्हणजे फोम न विरघळवणारा सुपरग्लू, कुणी वापरलाय?

दुसरं रंगाचं. इथल्या सियागंज बाजारात साधा स्प्रे रंग मिळतो, पण त्याने थर्मोकोल विरघळतो, म्हणून ईपीओवरही मारायचा धीर होत नाही. पाण्यातला ॲक्रिलिक बरा, पण तो गुळगुळीत फोमवर धरत नाही, नखाने सोलून निघतो. आधी काय लावता? थर पातळच हवेत, शेपटीकडे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो.

पोराला वरून केशरी आणि खालून काळे पट्टे हवेत, उंचावर विमान सुलटं की उलटं ते कळावं म्हणून. त्याची ही हौस टिकावी असं फार वाटतं. इंदुरात कुणी हे काम प्रत्यक्ष दाखवू शकेल का?