कुठून आली ते माहीत नसलेल्या कवटीला नाव द्यावं का?

भूस्तर
मिनोटॉरसॉरस रामचंद्रनी या चिलखती डायनासोरबद्दल वाचून अस्वस्थ आहे. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी ही कवटी अमेरिकेत टूसॉनला एका विक्रेत्याकडून विकत घेतली. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय विज्ञानपत्रिकेत तिचं वर्णन छापून आलं आणि प्रजातीला त्यांचंच नाव मिळालं. कवटी मंगोलिया-चीनमधल्या गोबी वाळवंटातली, एवढाच काय तो अंदाज. कुठल्या टेकडीतून, कुठल्या थरातून निघाली, कोणी काढली, कशाचाच पत्ता नाही. मंगोलियाचा कायदा जीवाश्म असे परस्पर बाहेर नेऊ देत नाही. माझ्या मते हा नमुना शोधनिबंधात घ्यायलाच नको होता. असं नाव मिळालं की चोरट्या मालाचा भाव वाढतो.

अस्थिरेखा
आधी कवटी तरी नीट बघा! बैलासारख्या फेंदारलेल्या नाकपुड्या, मागच्या कोपऱ्यांवर शिंगं, कपाळभर एकमेकांना खेटलेले हाडांचे फुगवटे. इतकी शाबूत कवटी रोज हाती लागत नाही. ती कुणाच्या दिवाणखान्यात धूळ खात पडली असती, तर कुणाचं भलं झालं असतं? बेकायदा बाहेर आल्याचा पुरावा द्या, त्या देशाला परत करतो, असं रामचंद्रन यांनी जाहीर सांगितलं होतं.

भूस्तर
चोर पावती देतो का? विकत घेणाऱ्यानंच परवाना मागायला हवा होता. आणि नुकसान नुसतं कायद्याचं नाही. चीनमधल्या गोबीत, बायान मंदाहूला पिनाकोसॉरस या दुसऱ्या चिलखती डायनासोरची पिल्लं एकाच जागी, वाळूच्या खडकात सापडली. जागा आणि थर समोर होते म्हणून ती एकत्र वावरत असावीत आणि एकदमच गाडली गेली असावीत, असं म्हणता आलं. बाजारातली कवटी यातलं काहीएक सांगत नाही.

अस्थिरेखा
पण पुढे मंगोलियातल्या उखा तोल्गोदला, जादोख्ता नावाच्या खडकांच्या थरांत, मिनोटॉरसॉरसचाच आणखी एक नमुना मिळाला. तो ओळखता आला तो या कवटीच्या वर्णनामुळेच. २०१४ मध्ये काही अभ्यासकांनी हा प्राणी म्हणजे आधीच माहीत असलेला टार्किया हा चिलखती डायनासोरच, असं ठरवलं होतं, २०१७ मध्ये इतरांनी तो पुन्हा वेगळा मानला. वर्णनच नसतं तर हा वाद तरी कशावर घातला असता?

भूस्तर
ओळख पटली, हे मान्य. पण थर कळला तो दुसऱ्या नमुन्यामुळे, मग नावही त्याच्यावरूनच देता आलं असतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेलेला टार्बोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा सांगाडा पुढच्याच वर्षी मंगोलियाला परत मिळाला. त्याच्याजवळही कुठे पावती होती? तज्ज्ञांनी हाडं बघून तो गोबीतला आहे असं सांगितलं, ते महत्त्वाचं ठरलं. या कवटीलाही तोच न्याय लावा.