शब्दचर्चा : ‘ओझोनचे छिद्र’, ‘धुरके’ आणि ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’

प्रश्न : नववीच्या विद्यार्थ्यांच्या वायुप्रदूषणावरील उत्तरांत ‘ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे सूर्याची उष्णता आत शिरते आणि पृथ्वीचे तापमान वाढते’ हे वाक्य वारंवार आढळते. या गोंधळात ‘छिद्र’ या शब्दाचा वाटा किती आणि त्याला पर्याय काय? ‘धुके’ व ‘धुरके’ यांतील फरकही जाणकारांनी सांगावा.

उत्तर १ : ‘छिद्र’ म्हटले की आरपार भोक डोळ्यांपुढे येते, आणि भोकातून ऊन येणारच, असा तर्क मुले करतात. प्रत्यक्षात अंटार्क्टिकावर तिथल्या वसंत ऋतूत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, ओझोनचा थर अतिशय विरळ होतो. संशोधकांनी १९८५ साली जाहीर केले ते हेच. त्यामुळे जमिनीपर्यंत जास्त पोहोचतात ते अतिनील किरण. तापमानवाढीचे मुख्य कारण वेगळे आहे : जमिनीकडून परत जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू शोषून घेतात. म्हणून ‘ओझोनचा थर विरळ होणे’ किंवा ‘ओझोनक्षय’ म्हणावे.

‘ओझोन’ या शब्दालाच मुलांच्या मनात रक्षणकर्त्याचे वलय आहे, ही मला अधिक मोठी अडचण वाटते. हाच वायू जमिनीलगत असला की फुप्फुसांना त्रासदायक ठरतो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने व कारखाने यांतून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर ऊन पडले की तो तयार होतो, त्यामुळे त्याचे प्रमाण बहुधा दुपारी वाढते.

‘धुरके’ हा धूर आणि धुके यांचा जोडशब्द. नुसते धुके म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. ते प्रदूषण नव्हे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये कोळशाचा धूर धुक्यात कोंडला, तिथे हा शब्द नेमका बसतो. लॉस एंजेलिसच्या प्रकाशरासायनिक, म्हणजे प्रदूषकांवर ऊन पडून होणाऱ्या, धुरक्यात मात्र धुके असावेच लागत नाही. (मुंबईच्या धूळकट सकाळीला वृत्तपत्रे ‘धुक्याची चादर’ म्हणतात, तेव्हा मुलांना दोष कसा द्यावा?)

उत्तर २ : ‘छिद्र’ आता रूढ आहे, ते हटवण्यापेक्षा त्या वाक्यातील ‘उष्णता’ खोडून ‘अतिनील किरण’ लिहायला लावणे आणि तापमानवाढीचा भाग वेगळा करणे सोपे. त्याहून फसवा शब्द ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’ हा आहे. ‘गुणवत्ता यादी’च्या सवयीमुळे निर्देशांक वाढला म्हणजे हवा सुधारली, असे विद्यार्थी समजतात. वस्तुतः भारताच्या निर्देशांकात ० ते ५० म्हणजे चांगली हवा आणि ४०१ ते ५०० म्हणजे अतिगंभीर स्थिती. त्यात मोजल्या जाणाऱ्या आठ प्रदूषकांत सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि जमिनीलगतचा ओझोनही आहे, पण कार्बन डायऑक्साइड नाही. दोन्ही वायूंना सरसकट ‘कार्बन’ म्हणणाऱ्या मुलांना हे पटत नाही. पहिला रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची वाहतूक अडवतो, दुसरा मोकळ्या हवेतील नेहमीच्या प्रमाणात श्वसनाला अपाय करीत नाही, हे सांगितल्यावर यादीचा अर्थ लागतो. शासकीय नाव बदलणे आपल्या हाती नाही. वर्गात ‘प्रदूषण निर्देशांक’ म्हणायला मात्र हरकत नसावी.