स्पॅनिश शिकायला पोरगी कुठं पाठवावी: सालामांका की सेव्हिया?

बागवान_वरूड
आमची पुतणी पुण्यात शिकते. दोन वर्षांपासून संध्याकाळचा स्पॅनिशचा क्लास करते, आता बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलला आहे म्हणते. येत्या जून-जुलैत सहा आठवडे स्पेनमध्ये राहून शिकायचं तिच्या डोक्यात आहे. संत्र्याचा मृग बहार यंदा बरा गेला म्हणून भाऊ पैसे द्यायले तयार झाला. (पेरणीच्या टायमाले घरातलं एक माणूस कमी, तो भाग वेगळा.) आता प्रश्न गावाचा. क्लासच्या बाई म्हणतात सालामांका, तिथली स्पॅनिश शुद्ध. पोट्टी म्हणते सेव्हिया. भावाले दोन्ही नावं सारखीच. जो पाहून आला त्यानं सांगावं.

धागेदोरे
सालामांका. यात विचार करण्यासारखं काही नाही. विद्यापीठ १२१८ सालचं, आणि परदेशी पोरांना स्पॅनिश शिकवणं हा त्या गावाचा धंदाच आहे. माद्रिदहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. पायी फिरता येईल एवढं गाव, रात्री अकरालाही मोठ्या चौकात म्हाताऱ्या गप्पा मारत बसलेल्या असतात. समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंच, त्यामुळं दिवसा तापलं तरी रात्र गार. सेव्हियात जुलैत पारा चाळिशीपार जातो. वर तिथले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' खातात. 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो'. दोन वर्षांत कमावलेलं सहा आठवड्यांत घालवून येईल.

सावलीत_बसलो
चंद्रपूरले ४६ झेलणाऱ्याले ४०चा धाक दाखवून राहिले का, भाऊ?

रिद्धपूरकर
'शुद्ध' ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात पहिल्या वर्षी होस्टेलच्या मेसमध्ये मी "जेवून राहिलो" म्हटलं. समोरच्यानं विचारलं, "राहिलास कुठं?" अख्खं टेबल हसलं. पुढचे चार महिने मी भाजी मागायलाही तोंड उघडलं नाही, नुसती वाटी पुढं करायचो.

आता त्याच सालामांकाची गोष्ट ऐका. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये तिथंच निघालं, नेब्रिखा नावाच्या पंडिताचं. हा नेब्रिखा मूळचा कुठला? लेब्रिखा गावचा, म्हणजे सेव्हियाच्या मुलखातला! आपल्याकडं वेगळं काय झालं? मराठीतलं आद्य गद्य लीळाचरित्र १३व्या शतकात लिहिलं गेलं आमच्या रिद्धपुरात, आणि अशुद्ध बोलणारे आम्हीच.

अजून एक. अमेरिकेकडं जाणारी जहाजं पिढ्यानुपिढ्या सेव्हियाहून सुटत. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत लोक धन्यवादाला सेव्हियासारखं 'ग्रासियास' म्हणतात, सालामांकासारखं 'ग्राथियास' नाही. स्पॅनिश बोलणारी बहुतेक दुनिया त्या बाजूला आहे. पोरीला पुढं नोकरीत कुणाशी बोलायचंय, ते आधी विचारा.

धागेदोरे
मेसचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण वऱ्हाडी तुम्ही आईजवळ शिकलात. उद्या एखादा जपानी मराठी शिकायला आला तर त्याला पहिल्याच दिवशी वरूडच्या संत्र्याच्या लिलावात उभं कराल का? बी-वनवाल्याला अर्धं कळत नाही, मग तो घाबरून इंग्रजीत शिरतो. आधी स्वच्छ ऐकू दे. बोली कुठं पळून चालली नाही.

रिद्धपूरकर
हाव, लिलावातच उभं करीन. आठ दिवसांत "काऊन बे" म्हणंल.

वर्धेची_लेक
मी जुलैत पाच आठवडे सेव्हियात होते, म्हणून लिहिते. दोघांचंही अर्धं खरं आहे.

ऊन: आमची घरमालकीण आजी सकाळी आठला खिडक्यांच्या पट्ट्या खाली ओढून घर काळंकुट्ट करायची. मला वर्ध्याचं घर आठवायचं, फक्त वाळ्याच्या ताट्यांचा वास तेवढा नव्हता. सिएर्पेस नावाच्या बाजारगल्लीत वर पांढरी कापडं ताणलेली असतात, खालून सावलीत चालायचं. दुपारी सगळं सामसूम, जेवण रात्री दहाला. आपल्या माणसाला यात काही जड नाही.

भाषा: पहिले दोन आठवडे आजीचं मला ओ की ठो कळलं नाही. शिक्षक मात्र वर्गात सावकाश आणि स्वच्छ बोलतात, त्यामुळं व्याकरण बिघडत वगैरे नाही. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती शेजारणीची चुगली करत होती आणि मी बरोबर जागेवर हसले. आजीनं वळून माझ्याकडं असं पाहिलं की बस.

आणि सालामांकाचं एक कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात तिथं शिकणारी स्पॅनिश पोरं सुट्टीला घरी जातात आणि गाव परदेशी विद्यार्थ्यांनी भरतं. चौकात इंग्रजीच जास्त कानावर पडते. माझी मैत्रीण तिथं होती, तिची स्पॅनिशपेक्षा इंग्रजी सुधारली.

जेवणाचं मात्र सांभाळा. साल्मोरेखो नावाचं थंड टोमॅटोचं दाट सार असतं, फार सुरेख. मी मांस खात नाही म्हटलं, आजीनं मान डोलावली आणि वरून हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे भुरभुरले. तिच्या लेखी ते मांस नव्हतंच, कोथिंबीर होती.

अडत_आणि_दलाली
कायले एवढा खर्च? स्पॅनिश सरकारची सर्व्हान्तेस संस्था दिल्लीत आहे, स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची डेले परीक्षा तिथंही देता येते. उरलेल्या पैशात बागेत नवीन ठिबक होईल.

वर्धेची_लेक
दिल्लीत चुगली कोण ऐकवणार, दादा?

पाटाचं_पाणी
संत्र्याच्या घरची पोरगी आणि व्हॅलेन्सियाचं नाव कुणीच घेतलं नाही? शहराबाहेर निघालं की संत्र्याच्या बागा. शिवाय तिथं पाण्याचं न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी १२ला कॅथेड्रलच्या दाराशी पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच गोल बसतात आणि पाण्याची भांडणं तोंडी मिटवतात. वकील नाही, तारीख नाही. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद घेतली. आपल्याकडं बोअर ८०० फुटांवर गेले तरी शेजाऱ्याशी बोलणं नाही.

धागेदोरे
न्यायालय झकास, पण त्याचं कामकाज व्हॅलेन्सियन भाषेत चालतं, स्पॅनिशमध्ये नाही. आणि जुलैत झाडावर पिकलं संत्रं फारसं दिसणार नाही, मुख्य हंगाम हिवाळ्याचा.

बागवान_वरूड
भावाले हे पाण्याचं वाचून दाखवलं. तो म्हणते पोरीले राहू द्या, मीच जातो. व्हिसाचं कुणी सांगता का?

वर्धेची_लेक
सहा आठवडे म्हणजे ९० दिवसांच्या आतला शेंगेन व्हिसा, स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो. फी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. माझ्या बाबांचं उत्पन्न शेतीचं, इन्कम टॅक्सचा रिटर्न नाही. आम्ही सातबारा, आठ-अ इंग्रजीत करून लावले, अडत्याच्या पट्ट्याही. बँकेत पैसा आदल्या आठवड्यात एकदम भरू नका, आधीपासून खात्यात दिसला पाहिजे.

पुतणीच_मी
काका, मी सगळं वाचून राहिली. क्लासच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, तुझा 'त' आणि 'र' अगदी स्पॅनिशसारखा आहे, मराठी तेवढी सुधार. तेव्हाच मी सेव्हिया ठरवलं होतं, कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रिद्धपूरकर दादांनी सांगून टाकलं. बाबांना म्हणा, एका गुरुवारी व्हॅलेन्सियाला जाऊन फोटो पाठवीन, ६५० किलोमीटर आहे पण जाईन.

वर्धेच्या ताई, हॅम नको हे कसं सांगायचं?

वर्धेची_लेक
"सिन खामोन" म्हण. मग ती टूना मासा घालेल.