एक शेगडी, पाच तोंडं आणि साडेआठ हजार

सहावी_स्कीम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले. कारण काल रात्री साडेनऊला मी ओट्याशी उभी राहून चौथी भाजी करत होते. सणवार नव्हता, पाहुणे नव्हते, साधा मंगळवार होता.

आम्ही सिडकोत राहतो (कागदावर नवीन नाशिक, पण रिक्षावाल्याला सिडकोच सांगावं लागतं). मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट फिरती. दूध आणि गॅस सोडून किराणा-भाजीला महिन्याचे साडेआठ हजार. बसत नाही असं नाही, पण बसवण्याच्या नादात आठवडा असा झालाय: बटाटा, खिचडी, बटाटा, वरणभात, बटाटा.

आता तोंडं ऐका.

धाकटा पाच वर्षांचा. तो पांढरं खातो. भात, दही, बटाटा, पोळीचा मधला मऊ भाग. वरणात हळद दिसली की "हे पिवळं का?" म्हणून त्याच्या वाटीचं वरण हल्ली बिनहळदीचं. मोठी दहा वर्षांची. तिच्या दाताखाली कांदा आला की जेवण तिथेच थांबतं. कोथिंबिरीचं पानसुद्धा ती ताटाच्या कडेला वाळत घातल्यासारखं मांडून ठेवते. सासूबाईंचा चातुर्मास चालू आहे, कांदा-लसूण-वांगं बंद, शिवाय कवळी, त्यामुळे कडक काही नको. मिस्टर अमळनेरकडचे. काळा मसाला नसेल तर विचारतात, "कोणी आजारी आहे का घरात?"

आणि मी? उरलेलं खाते. चार जणांचं चार प्रकारचं उरलेलं.

लपवाछपवी करून झाली. बिटाची पोळी केली, "गुलाबी पोळी" म्हणून वाढली. धाकट्याने एक घास खाल्ला, मग आत काय आहे विचारलं, मी खोटं बोलले, आणि मोठीने खरं सांगितलं. पुढचा आठवडाभर साधी पोळीसुद्धा तो उलटीपालटी करून, उजेडात धरून बघत होता. तेव्हा लपवायचे सल्ले नकोत. ब्रोकोली आणि चीज सांगणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

माझ्याकडे दोन बर्नर, एक मोठा कुकर, मिक्सर आहे. ओव्हन नाही. तासाभरात आटोपेल, रोज वेगळं वाटेल आणि चार वेळा फोडणी द्यावी लागणार नाही असं काही सुचवा.

रोखठोक_पंचवटी

लाड आहेत सगळे. आमच्या आईने सात जणांना एकच भाजी वाढली. खायचं तर खा, नाहीतर उठा. दोन दिवस उपाशी ठेवा, दगडसुद्धा खातील.

सहावी_स्कीम

दादा, तेही केलं. धाकटा न जेवता झोपला. रात्री अकराला सासूबाईंनी उठवून दूध-पोळी कुस्करून भरवली. मिस्टरांनी खाली जाऊन वडापाव खाल्ला. उपाशी मी राहिले.

शिफ्टवाला_सातपूर

ताई, मीही शिफ्टवाला. बायकोची दुसरी शिफ्ट असली की आमच्याकडे स्वयंपाक मी करतो, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट तुमच्याच पोस्टमध्ये दिसली ती सांगतो. सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, मुलीला कांदा नको. दोघींचं ताट एकच झालं की. तुमची पाच तोंडं नाहीत, तीन आहेत: पांढरं, बिनकांद्याचं आणि काळ्या मसाल्याचं. तुम्ही यातल्या कशातही बसाल.

दुसरं म्हणजे नाशकात राहून हा प्रश्न पडायला नको होता. आपल्याकडे मिसळ कशी येते? मटकी एकीकडे, रस्सा वाटीत वेगळा, फरसाण, दही, पापड, चिरलेला कांदा, लिंबू. कोणी तर्री (तो तिखट, तेलाचा लाल रस्सा) ओतून घाम पुसत खातो, कोणी दह्यात कालवतो. हॉटेलवाला चार भाज्या करत नाही. तो मांडून देतो, मिसळतो आपण. घरातलं जेवण तसंच मांडायचं.

मी काय करतो ते सांगतो. रविवारी तर्रीचा एक डबा करून ठेवतो. चार कांदे उभे चिरून तेलावर चांगले काळपट होईपर्यंत परततो, सुकं खोबरं भाजतो, लसूण-आलं घालून वाटतो. मग जरा सढळ तेलात ते वाटण आणि काळा मसाला, तेल सुटेपर्यंत. इथे घाई केली तर डबा टिकत नाही. पाण्याचा थेंब न लागू देता स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये. चार-पाच दिवस आरामात जातो. खर्च म्हणाल तर पाच जणांनी एकदा बाहेर मिसळ खाण्याच्या निम्म्याहून कमी.

आता रोज कुकरला एकच साधी गोष्ट लावायची. समजा तुरीचं घट्ट वरण, हळद न घालता. धाकट्याचा वाटीभर भाग तूप-मीठ घालून आधीच बाजूला. उरलेल्यात हळद, हिंग-जिऱ्याची फोडणी, चिंच-गूळ, झाली सासूबाईंची आणि मुलीची आमटी. मिस्टरांच्या वाटीत त्यातलंच वरण, वर दोन चमचे तर्री आणि गरम पाणी. एक उकळी आली की अमळनेरचा माणूस गप्प जेवतो. फोडणी एकदाच दिलीत तुम्ही.

पाव किलो मटकीचंही तसंच. सकाळी भिजवली, रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात, आणि पाव किलोची दुपटीच्या वर होते. पावसाळ्यात मोड लवकर येतात, पण वासही लवकर येतो, तेवढं बघा. कुकरला एकच शिट्टी, नाहीतर लगदा. सासूबाईंच्या वाट्याची मात्र तीन शिट्ट्या करून पळीने दाबा, कवळीला बरं.

निफाडची_माई

पोरी, सातपूरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, पण रोज डाळ-मटकी म्हटल्यावर तीही बटाट्यासारखीच होणार. आमच्याकडचे दोन पदार्थ सांगते. दोन्ही घरात भाजी नसताना करायचे, म्हणून स्वस्त.

पहिला शेंगोळे. हुलग्याचं (कुळथाचं) पीठ दोन वाट्या, ज्वारीचं अर्धी वाटी, मूठभर कणीक. त्यात जिरं, ओवा, हळद, मीठ, तिखट घालून घट्ट मळायचं, पोळीच्या कणकेहून घट्ट. तेलाचा हात लावून करंगळीहून बारीक लांब वळ्या करायच्या आणि टोकं जोडायची. पातेल्यात फोडणी, त्यात पाणी, पाणी खळाखळा उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. उकळी मोडली की शेंगोळे विरघळले समज, म्हणून सगळे एकदम टाकू नकोस. वीस मिनिटं शिजू दे. परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून वरून ओत, रस्सा दाटतो. आमच्यात यात लसूण भरपूर असतो. तुझ्या सासूबाईंसाठी हिंग-जिऱ्यावर कर, आणि मिस्टरांना आहेच तो तर्रीचा डबा.

वळायला मात्र पोरांना बसव. माझी नातवंडं पुण्याहून येतात तेव्हा त्यांना पाकिटातल्या शेवयांशिवाय काही सुचत नाही. मी परात पुढे ठेवली आणि म्हटलं, वळा. कोणी साप केला, कोणी आठचा आकडा. स्वतः वळलेलं कोणी टाकत नाही, हे मी लाडू-करंज्यांपासून बघत आलेय.

दुसरा फुनके. हा खानदेशातला, तुझ्या मिस्टरांना आईची आठवण येईल. तुरीची डाळ रात्री भिजत घाल, सकाळी जाडसर वाट. गंधासारखी गुळगुळीत नको, रवाळ हवी. हिरवी मिरची, जिरं, मीठ, आणि चिरलेली मेथी नाहीतर शेपू. मुठीत दाबून लांबट मुटके करायचे आणि चाळणीत वाफवायचे. सोबत कढी. मोठी कोथिंबीर निवडते म्हणालीस ना, मग तिच्या वाट्याचे पालेभाजीशिवाय कर, उघड सांगून कर. उरलेले फुनके सकाळी कुस्करून फोडणीला टाक, डब्याची भाजी झाली. पाव किलो डाळीत पाच माणसं दोन वेळा.

भाजीचं म्हणशील तर बुधवारी संध्याकाळी गोदाघाटावरच्या बाजारात जा. दुपारी गेलीस तर भाव तोच, सहानंतर वाटा मोठा होतो. पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल, दुतोंड्या मारुती (नदीतली ती मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) बुडत चालला असेल, तर त्या बुधवारी घरीच बस, बाजार हलवलेला असतो. कांदा एप्रिल-मेमध्ये घेऊन ठेवायचा, उन्हाळ कांदा. पलंगाखाली गोणपाटावर पसरून ठेवला तर दिवाळीच्या आसपास पुरतो. हिवाळ्यातला लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून पोतं भरशील तर पंधरा दिवसांत वास येईल. मी भरलाय, म्हणून सांगते.

रोखठोक_पंचवटी

शेंगोळे आमची आईही करायची. मला आवडायचे नाहीत.

निफाडची_माई

मग दोन दिवस उपाशी ठेवलं होतं का तुम्हाला?

नागलीची_भाकर

मी पेठ तालुक्यात अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलं, आता नाशकात मुलाकडे असते. धाकट्याबद्दल लिहिते.

ताई, पांढरं खाणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. नवा पदार्थ मुलाने एकदा नाकारला म्हणजे आवडत नाही असं नसतं. दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तोही आग्रह न करता. ताटात चिमूटभर ठेवायचा, खाल्ला तर खाल्ला. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. बिटाची पोळी फसली ती बिटामुळे नाही, खोटं पकडलं गेलं म्हणून.

तेव्हा त्याला पांढऱ्यातूनच पुढे न्या. पांढऱ्यात काय काय येतं बघा: इडली, म्हणजे उडीद पोटात गेलाच. ज्वारीची भाकरी. मुळा किसून दह्यात. बिनहळदीची कढी, त्यात सोललेल्या दुधीच्या फोडी. चवळी. फ्लॉवर. शेंगदाण्याचं कूट घातलेलं दही. हे जमलं की फिकट पिवळं, म्हणजे मूगडाळीचं धिरडं. हिरव्याची घाई नको.

नागली (नाचणी) मात्र त्याला इतक्यात देऊ नका, काळपट दिसते, बिचकेल. तुम्ही खा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि चार जणांचं उरलेलं खाणाऱ्या बाईला ते लागतं. २०२३ साली भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून ती चकचकीत पाकिटात मिळते, पण गिरणीवाल्याकडून सुटी दळून घ्या. आणि पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळा, जेवल्याजेवल्या चहा घेऊ नका. लोह अंगी लागायचं तर एवढं सांभाळा.

सहावी_स्कीम

माई, भाऊ, ताई, तुम्हा सगळ्यांचं सांगितलेलं वहीत लिहून ओट्यावर चिकटवलंय. तीन आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

तर्रीचा डबा हिट. पहिल्या आठवड्यात कांदा नीट परतला नाही, गुरुवारी आंबला, टाकून दिला. दुसऱ्या वेळी अर्धा तास उभी राहिले. मिस्टर आता स्वतः फ्रीज उघडून चमचाभर घेतात आणि "कोणी आजारी आहे का" बंद झालंय. सासूबाई आणि लेक एकाच पातेल्यातलं जेवू शकतात हे चातुर्मास लागल्यापासून माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते. गंमत म्हणजे आता दोघी मिळून "आमची आमटी" म्हणतात आणि जास्त गूळ मागतात.

शेंगोळे रविवारी केले. लेकीने तिच्या नावाची अक्षरं वळली. जोडाक्षर पाण्यात सुटलं, त्यावरून रडारड झाली, पण बाकीचं संपवलं. धाकट्याने तीन वळले आणि मोजून तेच तीन खाल्ले. रंग विचारला नाही.

फुनके बिघडले. डाळ फार बारीक वाटली गेली, वाफवल्यावर दगड. रोखठोक दादांची आठवण आली. मिस्टरांनी कढीत बुडवून खाल्ले, आईची आठवण आली की नाही ते विचारलं नाही.

चवळी मात्र साफ नापास. धाकटा वाटीकडे बघत बसला आणि म्हणाला, "हे माझ्याकडे बघतायत." प्रत्येक दाण्याला काळा डोळा, त्याचंही बरोबरच. दुधीची कढी चालली. मुळ्याचं दही चौथ्यांदा ठेवलं तेव्हा बोटाने चाटलं.

पैशांचं म्हणाल तर महिनाअखेर सातशे उरले. त्यातले पाचशे रविवारी सगळ्यांना घेऊन बाहेर मिसळ खाण्यात गेले. धाकट्याने पापड आणि दही खाल्लं, लेकीने कांद्याची वाटी उचलून बापाच्या ताटात ठेवली.

माई, एक राहिलंच. कार्तिकी एकादशी झाली की सासूबाईंचा चातुर्मास संपणार, त्या आत्तापासूनच भरताच्या गोष्टी करतायत. लेकीचं ताट पुन्हा एकटं पडलं तर काय करू?

निफाडची_माई

भरतात कच्चा कांदा वरून घालतात ना, तो वेगळ्या वाटीत ठेव. आणि फुनक्याची डाळ मिक्सरला नुसती थांबवत थांबवत फिरव, पाणी अजिबात नको. पुढच्या रविवारी परत कर.