गल्लीतल्या हॉटेलात शेवळांना ४८० रुपये : रास्त की लूट?

माहीमकर

शितळादेवीच्या मागच्या गल्लीत, आधी झेरॉक्सचं दुकान होतं तिथे, एका शेफबाईंनी छोटं हॉटेल काढलंय. जेमतेम चोवीस माणसं बसतील. बाई पंचतारांकित हॉटेलांच्या किचनमध्ये वरच्या जागेवर होत्या, काही वर्षं परदेशातही होत्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्यावरून कडाक्याचं भांडण चाललंय. गल्लीतल्या हॉटेलाने एका भाजीला ४८० रुपये घ्यावेत का? माझ्या मते घ्यावेत, आणि आपण ते खुशीने द्यावेत.

भाजी म्हणजे शेवळं. पहिला पाऊस पडला की वसई-पालघरकडच्या बायका दादर स्टेशनबाहेर जुड्या घेऊन बसतात, ती. नीट निवडली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस परत नाव काढत नाही. वरचं पान सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, खाज मारायला काकडांचा, म्हणजे त्या आंबट रानफळांचा, रस घालायचा. बाईंनी त्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, घातले होते. खोबऱ्याचं वाटण अगदी अंगापुरतं, त्यामुळे शेवळांची ती रानटी, थोडी मटणासारखी चव दबली नव्हती. सोडे मऊ झाले होते, पण दाताखाली लागत होते. एवढं साधणं सोपं नाही.

दुसरं म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत बाईंच्या फळ्यावर पापलेट नाही, सुरमई नाही. जवळा, सुकट, सुके बोंबील, बस्स. बाकी ठिकाणी बर्फातली सुरमई ताजी म्हणून तळून मिळते आणि आपण बोटं चाटत खातो. ऋतू पाळणारं हॉटेल हाकेच्या अंतरावर आलंय, तर त्याला धरून राहायला हवं.

हिंदूकॉलनी

असहमत. शेवळं-सोडे ही आमच्या सीकेपी घरांतली जूनची नेहमीची भाजी. आई, आजी, मावशी सगळ्या करायच्या. शेफबाईंनी त्यात वेगळं काय केलं? मातीच्या वाडग्यात चार चमचे घालून आणले की ४८०? परदेशातल्या अनुभवाचे पैसे मी फ्रेंच पदार्थाला देईन एक वेळ, शेवळांना का देऊ?

माहीमकर

अहो, करायच्या, हेच तर म्हणतोय. आज तुमच्या घरी शेवळं कोण निवडतं? आमच्याकडे आईनंतर कोणी हात लावलेला नाही. तासभर बसून निवडायचं, वर खाजेची धास्ती. जे काम आपण घरात सोडून दिलं ते दुसरं कोणी मन लावून करतंय, तर त्याला ‘आमच्याच घरचं’ म्हणून फुकटात काढू नका. पनीर टिक्क्याला चारशे देताना कोणी आईचं नाव काढत नाही.

लालबाग_परळ

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘एवढ्या मोठ्या शेफ आपल्या गल्लीत आल्या’ याचं इतकं अप्रूप कशाला? गिरणगावात खोलीखोलीत खानावळी होत्या. एका स्टोवर बाई पाळीवरच्या कामगारांचं दोन्ही वेळचं जेवण काढायची, आणि महिनाभर रोज जेवूनही माणूस कंटाळायचा नाही. हे कौशल्य नव्हे? बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या, सावकार पिळत होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी. त्यांच्या हातच्या चवीवर कोणी लेख लिहिले नाहीत.

मग १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या. कमला मिलच्या आवारात २०१५ साली बॉम्बे कँटीन हे हॉटेल सुरू झालं, त्यामागे न्यूयॉर्क गाजवलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ होते. २०२० मध्ये कोविडने ते गेले तेव्हा मलाही चुटपुट लागली, कारण आपल्या साध्या भाज्यांना, आपल्या ऋतूंना त्यांनी मान मिळवून दिला हे खरंच आहे. पण त्या आवारात आता जेवायला कोण जातं आणि आजूबाजूच्या चाळींतून कोण जातं, ते बघा. माहीमच्या गल्लीत तेच होणार. शनिवारी बाहेर गाड्या, आत बाहेरगल्लीचे लोक, आणि शेजारी आपले गॅलरीतून बघतायत.

हिशोबनीस

मी हॉटेलांचे हिशोब लिहितो, म्हणून दोन आकडे. हॉटेल गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचा १८ टक्के आणि फ्रीज, एक्झॉस्टवर भरलेला कर मालकाच्या अंगावर. चोवीस खुर्च्या, रात्रीच्या दोन पंगती, तर भरून भरून अठ्ठेचाळीस माणसं, तीही शनिवार-रविवारी. उडप्याकडे वीस मिनिटांत टेबल मोकळं होतं, इथे दीड तास. ४८० रुपयांत बाई बंगला बांधत नाहीयेत.

हिंदूकॉलनी

मान्य, खर्च असतो. पण मग बिलात मागल्या दाराने दहा टक्के सेवा शुल्क येतं त्याचं काय? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की ते आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. तरी परवा वांद्र्याला एके ठिकाणी मला ते काढायला लावावं लागलं, आणि वेटरचं तोंड बघण्यासारखं झालं.

माहीमकर

इथे लावत नाहीत. फळ्यावर खाली लिहिलंय तसं.

सातपाटी

माझं माहेर सातपाटी, त्यामुळे माशाबद्दल बोलते. बंदीत मासा न ठेवणं चांगलंच, पण खरी परीक्षा ऑगस्टपासून. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, माशांचे किमान आकारही ठरवून दिले, तरी बाजारात तळहाताएवढी पिल्लं येतात, आणि ती घेतं कोण? हॉटेलंच. ताटात अख्खं पापलेट स्वस्तात बसतं ना! ते वाढायच्या आत संपवलं तर आमच्या लोकांनी पुढे जाळ्यात काय धरायचं? शेफबाई पिल्लं परत पाठवत असतील तर ४८० काय, मी ६०० देईन. आणि मासा माहीमच्या कोळणींकडून घेतात की सप्लायरकडून थर्माकोलच्या खोक्यात येतो, तेही एकदा विचारा.

माहीमकर

सुकट आणि सोडे बाजारातल्या मावशींकडून घेतात, हे मी स्वतः पाहिलंय. ताज्या माशाचं ऑगस्टमध्ये विचारतो.

लालबाग_परळ

मग आणखी एक विचारा. रात्रीची तयारी दुपारपासून चालू असतेच. बारा ते तीन अडीचशेचं एक ताट ठेवतील का? भात, आमटी, एक रानभाजी, थोडे सोडे. शेजारी आधी आत येऊ देत, मग त्यांना शेजारचं हॉटेल म्हणा.

हिशोबनीस

अडीचशेत सोडे बसणार नाहीत, भाव कडाडलेत. जवळा बसेल. ऑगस्टनंतर बांगडा.

लालबाग_परळ

जवळा चालेल. ठेवलं तर पहिल्या दिवशी चौघं येतो.