सीमेवरचा नाका वाढवायचा, तर पर्यावरण परीक्षण कशाचं करायचं: भिंतीच्या आतलं की बाहेरच्या रांगेचं?

गोदाकाठची (धागा सुरू)

नाशिक जिल्ह्यातला कांदा आणि द्राक्षं बांगलादेशात जातात ती मुख्यतः पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या नाक्यांवरून. इथून जवळपास दोन हजार किलोमीटर. पेट्रापोल त्यातला सगळ्यात मोठा. दोन्ही देशांमधल्या जमिनीवरच्या व्यापाराचा सुमारे ७० टक्के भाग तिथूनच होतो. २०१६ मध्ये तिथे एकात्मिक तपासणी नाका (सीमाशुल्क, प्रवासी तपासणी, गोदामं सगळं एकाच आवारात) सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवं प्रवासी टर्मिनल आणि मालवाहतुकीसाठी 'मैत्री द्वार' उघडलं. निर्यातदारांच्या गटांमध्ये सध्या सूर असा आहे की असे नाके भराभर वाढवा, पर्यावरण परीक्षणाचं लचांड मध्ये नको, कारण ट्रक थांबला की माल सडतो.

मला हे पटत नाही. परीक्षण हवंच, फक्त ते नाक्याच्या कुंपणापुरतं नको. नाक्याचं प्रदूषण आणि आपल्या मालाची नासाडी दोन्ही एकाच ठिकाणी होतात, बाहेरच्या रांगेत. उदाहरणादाखल हिशोब करा. ३०० ट्रक रोज पाच तास इंजिन चालू ठेवून उभे राहिले, तासाला अडीच लिटर डिझेल धरलं, तर ३,७५० लिटर झालं. लिटरला २.६८ किलो या दराने रोजचा कार्बन डायऑक्साइड दहा टन. हा आकडा अहवालात आला, तर रांग कमी करणं ही मंजुरीची अट होऊ शकते.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

ताई, मुक्कामाच्या रांगेत कुणी इंजिन चालू ठेवून बसत नाही. डिझेल भाड्यातून जातं. गाडी बंद असते, रांग हलली की स्टार्टर मारायचा, वीस-तीस मीटर पुढे घ्यायची, पुन्हा बंद. धूर निघतो तो या चालू-बंदमध्ये, आणि त्याहून जास्त उडते साइडपट्टीची धूळ. तुमचे पाच तास सरसकट सगळ्या गाड्यांना लावता येणार नाहीत.

आता वेळेचं बोलू. पर्यावरण मंजुरीसाठी बेसलाइन, म्हणजे कामाआधीच्या हवा-पाण्याची मोजणी, पावसाळा सोडून एका पूर्ण ऋतूची लागते. मग मसुदा, सुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस, त्यानंतर तज्ज्ञ समिती, समितीचे प्रश्न, उत्तरं, पुन्हा प्रश्न. तोवर गेट तेच, वजनकाटा तोच. विस्तार अडकला म्हणून प्रदूषण थांबत नाही, ते नाक्याच्या आवारातून उठून गावच्या बाजारपेठेत जातं. सीमेवरचं काम आहे, सामरिक म्हणून थेट सूट द्या.

कलम_उपकलम

दोघांनीही गृहीत धरलंय की नाक्याला मोठी मंजुरी लागते. आधी ते तपासू.

कुठल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते हे ठरवणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत विमानतळ, बंदर, महामार्ग यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. जमिनीवरच्या सीमा-नाक्याची नाही. म्हणजे तो इमारत बांधकामाच्या ८(ए) या नोंदीत बसवायचा, तोही बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर झालं तर. दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा ५० हेक्टर जागा झाली की ८(बी), म्हणजे वसाहती आणि मोठ्या क्षेत्रविकासाची नोंद. मूळ अधिसूचनेत एक महत्त्वाची टीप होती: उघड्यावरच्या सुविधांसाठी वापराखालचं क्षेत्र धरा. ४ एप्रिल २०११ च्या दुरुस्तीत बांधकाम क्षेत्र म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून आच्छादित क्षेत्र, अशी व्याख्या आली. परिणाम काय झाला? २० हेक्टर काँक्रीटचं ट्रक यार्ड आणि १८,००० चौरस मीटरची गोदामं आणि कार्यालयं, असा नाका पर्यावरण मंजुरीच्या चौकटीत येतच नाही. आणि नाक्यात मुख्य असतं ते यार्डच.

शिवाय इमारत बांधकामांना जनसुनावणी मूळ अधिसूचनेतूनच वगळलेली आहे. सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या सामरिक महामार्गांना जुलै २०२२ पासून पर्यावरण मंजुरीतून सूट आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने सामरिक रेषीय प्रकल्पांना वनकायद्यातूनही. आडगावकर, तुम्ही मागताय त्यातली बरीचशी सूट आधीच मिळालेली आहे. राहतं ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, आणि त्यात रांग हा विषयच नसतो.

ड्रेनेज_नाशिक

यार्ड मोजणीतून सुटलं की काय होतं ते पाण्याच्या बाजूने सांगतो.

२० हेक्टर म्हणजे २ लाख चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला की त्यावर १०,००० घनमीटर पाणी पडतं. शेत असताना साधारण ३० टक्के वाहून जात होतं, म्हणजे ३,०००. काँक्रीट झाल्यावर ९० टक्के, म्हणजे ९,०००. मधले ६,००० घनमीटर कुठे तरी थोपवायला हवेत. दोन मीटर खोलीचा तलाव धरला तरी तीस गुंठे जागा गेली. ही जागा पहिल्या आराखड्यात राखली नाही, तर नंतर मिळत नाही, कारण तोवर तिथे पार्किंगचे पट्टे आखून झालेले असतात.

आपल्याकडे सर्रास शोषखड्डा सुचवतात, तो तिथे चालत नाही. बनगाव-पेट्रापोल हा इच्छामती नदीचा सपाट, गाळाचा भाग आहे. उतार नगण्य, नदी गाळाने भरलेली, पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं. खड्डा आधीच भरलेला असतो. त्यात हा भाग ज्या जिल्ह्यात येतो त्या उत्तर २४ परगण्याच्या उथळ भूजलात आर्सेनिक आहे. तेलकट पाणी जमिनीत मुरवायचं नाही आणि बोअरचं पाणी न तपासता प्यायला द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी आराखड्यातच लिहिलेल्या हव्यात.

यार्डातल्या पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या टाकीचं, तेल-विलगकाचं, एक जवळून सांगतो. कागदावर तो तीन कप्प्यांचा असतो: गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, मधलं पाणी पुढे जातं. कांद्याच्या यार्डात सुटी टरफलं वाऱ्याने गटारात जातात आणि पहिल्याच जोराच्या पावसात जाळीवर ओल्या कागदासारखी चिकटतात. पाणी तुंबून बाजूच्या कट्ट्यावरून थेट ओढ्यात जातं, तेलासकट. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, पण नमुना घेतात विलगकाच्या तोंडावर, वळसा घालून गेलेल्या पाण्याचा नाही. उपाय साधा आहे. विलगकाच्या आधी हाताने उचलता येईल अशी तिरकी जाळी बसवायची आणि हंगामात ती रोज झाडायची. यासाठी माणूस आणि पैसा व्यवस्थापन आराखड्यात दाखवावा लागतो, नाहीतर जाळी बसते आणि झाडणारा कुणी नसतो.

पिंपळगाव_पॅकहाऊस

पाण्याचं मान्य. पण अहवाल ज्या आकड्यांवर उभा राहतो त्यांचं काय? कांद्यावर निर्यातबंदी कधी येईल सांगता येत नाही. १४ सप्टेंबर २०२० ला आली, १ जानेवारी २०२१ ला उठली. पुन्हा ८ डिसेंबर २०२३ ला आली, ४ मे २०२४ ला उठली. त्या काळात कुणी तीन महिन्यांची बेसलाइन घेतली, तर कांद्याची गाडी क्वचितच दिसेल आणि हवा स्वच्छ निघेल. त्यावर बेतलेला नाका पहिल्याच हंगामात कोलमडेल. असला अहवाल करण्यापेक्षा न केलेला बरा.

आणि माल किती थांबू शकतो हे मोसमावर आहे. सप्टेंबरात सीमेवर जातो तो चाळीतला उन्हाळ कांदा, चार-पाच महिने साठवलेला, कोंब फुटायच्या बेतात. नोव्हेंबरपासून लाल कांदा, त्यात पाणी जास्त. पावसात ताडपत्री घट्ट आवळली की आत वाफ कोंडते, मधल्या थरातल्या गोण्या तापतात आणि दोन-तीन दिवसांत पाणी सुटायला लागतं. सडलेली गाडी नाक्याजवळच रिकामी होते आणि तो ढीग कुणाच्या हिशोबात नसतो. द्राक्षं तर शून्य अंशाच्या आसपासच हवीत. रीफर, म्हणजे शीतगृह असलेल्या गाडीला यार्डात थ्री-फेज विजेचा प्लग नसेल, तर तिचं डिझेल युनिट रात्रभर चालतं. वाहतूकवाल्या भाऊंचं इंजिन बंद असेल, पण रीफरचं बंद करता येत नाही.

गोदाकाठची

@आडगाव_ट्रान्सपोर्ट, तुमची दुरुस्ती रास्त आहे. ३,७५० लिटरचा आकडा सरसकट धरू नये. चालू-बंदचं आणि धुळीचं मोजमाप वेगळं व्हायला हवं, आणि ते परीक्षणाशिवाय कुणी करणार नाही.

@पिंपळगाव_पॅकहाऊस, तुम्ही सांगितलं ते परीक्षण नको म्हणायचं कारण नाही, ते नीट करायचं कारण आहे. बंदीतल्या तारखा नाकारा एवढी एकच अट पुरते. प्लग आणि सडक्या मालाचा खड्डा या दोन्ही मागण्या निर्यातदार तोंडी करत राहतात. मंजुरीची अट म्हणून आल्या, तर त्या पाळायला लागतात.

रांग_कमी_करा

दोन्ही बाजू नाका वाढवायचाच असं धरून चालल्यात. विस्तार न करण्याचा पर्याय तपासणं हे खऱ्या परीक्षणाचं पहिलं काम.

पेट्रापोलला आपली गाडी गेट ओलांडून पलीकडच्या बांगलादेशी नाक्यावर, बेनापोलला जाते, तिथे माल उतरतो आणि रिकामी परत येते. बेनापोलच्या शेडमध्ये जागा नसेल, तर आपल्या बाजूला चार गेट बांधा की आठ, गाडी उभीच राहणार. फक्त उभी राहायची जागा बदलेल, रस्त्याऐवजी यार्डात. दुसरीकडे, पश्चिम बंगाल सरकारने २०२२ पासून 'सुविधा' ही वेळ आरक्षित करायची पद्धत आणली आणि बनगावच्या पार्किंगमध्ये दिवसेंदिवस थांबणं बरंच कमी झालं. त्यासाठी एक गुंठाही काँक्रीट ओतावं लागलं नाही.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

वेळ आरक्षित होते ती नाक्यावर पोचायची. दोन हजार किलोमीटरच्या प्रवासात एक टायर फुटला किंवा एका ठिकाणी रस्ता बंद असला की वेळ हुकते. मग उभं कुठे राहायचं? लांबून येणाऱ्या गाडीला यार्ड लागतंच. एका ट्रकला वळायच्या जागेसकट साधारण दीडशे चौरस मीटर धरा. २०० गाड्यांना तीन हेक्टर. २० हेक्टर नको असेल तर नको, पण तीन हेक्टर फरसबंद, दिवे, शौचालय, पाणी यांसह द्या. शौचालय नसलेल्या रांगेतून नदीत काय जातं, तेही पर्यावरणातच मोजा.

वृक्षमित्र_पंचवटी

झाडांचा विषय कुणी काढला नाही. बारासात ते पेट्रापोल या जेसोर रोडवर पाच रेल्वे उड्डाणपूल आणि रुंदीकरणासाठी ३५६ झाडांचा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाची वर्षाची किंमत ७४,५०० रुपये काढली. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडीला परवानगी मिळाली. नाका वाढतो तेव्हा रस्ताही वाढतो, पण दोन्हीचे अहवाल वेगळे होतात. नाक्याच्या अहवालात झाडं शून्य, आणि रस्त्याच्या अहवालात नाका हे रुंदीकरणाचं कारण. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायच्या झाडांवरून नाशिककर रस्त्यावर उतरले. आपल्या कांद्यासाठी दुसऱ्यांच्या दारातली शंभर वर्षांची झाडं पडत असतील, तर त्यावरही आपण बोललं पाहिजे.

कलम_उपकलम

नाका आणि रस्ता यांचं एकत्रित परीक्षण हवं, ही मागणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. एकच काम दोन तुकड्यांत दाखवून मर्यादेखाली ठेवायचं, हीच खरी पळवाट आहे. त्यासोबत उघडं यार्ड पुन्हा क्षेत्रात धरा, ही दुसरी.

आडगाव_ट्रान्सपोर्ट

यार्ड मोजा, हरकत नाही. पण मुदत ठरवा. बेसलाइन धरून नऊ महिन्यांत निर्णय आला नाही, तर वजनकाटा, प्लग, शौचालय, तीन हेक्टर पार्किंग एवढं काम सुरू करू द्या. बाकीचं समिती बघेल.

गोदाकाठची

नऊ महिने चालतील, मोजणी दोनदा होणार असेल तर. एक सप्टेंबर-ऑक्टोबरात कांद्यासाठी, दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांसाठी. प्रत्येक वेळी सलग सात दिवस चोवीस तास, प्रकारवार ट्रकमोजणी, आणि सुरुवात बनगावच्या पार्किंगपासून, गेटपासून नव्हे. पावसाळ्यातली पाणी तुंबायची पातळी वेगळी नोंदवायची, कारण नियमातली बेसलाइन तेवढाच ऋतू वगळते. या अटी इंग्रजी मसुद्यात घालायला @कलम_उपकलम मदत करणार असतील, तर मराठी प्रत मी लिहिते. पिंपळगाव आणि लासलगावच्या निर्यातदारांच्या सह्या त्यावर आधी घेऊ.